मिकीच्या संस्थानात न्याहारीचे अर्थकारण

थीम पार्क म्हणजे एखाद्या कल्पित विश्वाची सजावट करून पाळण्यापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत तेच सोंग वठवणारे करमणुकीचे उद्यान. त्यावर होणाऱ्या खर्चाचा विचार करताना बहुतेक माणसे तिकिटापाशी थांबतात, आणि तिकिटाचा आकडाच असा असतो की तेथे थांबणे स्वाभाविकही ठरते. तथापि मोठ्या कुटुंबाच्या सहलीत तिकिटाविषयीची चर्चा फार काळ टिकत नाही, कारण त्या दरात घासाघीस करायला समोर माणूसच नसतो. विमानभाडे आधीच भरलेले असते, दुपारचे जेवण उद्यानातच आणि उद्यानाच्याच भावाने घेतले जाते, आणि रात्री पाय इतके दुखत असतात की समोर येईल ते कोणत्याही किमतीला गोड लागते. राहता राहिली न्याहारी. दिवसाच्या अंदाजपत्रकात कुटुंबाच्या हातात खरोखर उरलेली ही एकमेव बाब असल्यामुळे काटकसरीची सगळी हौस, सगळी प्रतिभा आणि सगळे कौटुंबिक राजकारण सकाळी सहा ते आठ या दोन तासांत कोंबले जाते.

या राजकारणाचा नमुना म्हणून फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो शहराजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि तेथे येणारे अमेरिकेतले मराठी कुटुंब ही जोडी विशेष सोयीची आहे. असे कुटुंब साधारणपणे अकरा जणांचे धरता येते: न्यू जर्सीतला थोरला भाऊ, टेक्सासमधला धाकटा, दोघांच्या बायका, दोघांची मिळून बारा, दहा, आठ, सहा आणि दोन वर्षांची पाच मुले, आणि सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी पुण्याहून आलेले आजी-आजोबा. आजी-आजोबांना डिस्ने पाहायचे असते असे नाही. त्यांना नातवंडे एकत्र पाहायची असतात, आणि ती एकत्र सापडण्याचे ठिकाण डिस्नेने ताब्यात घेतलेले असते.

न्याहारी येथे एवढी अवघड का होते, याचे मूळ भूगोलात आहे. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे 1955 साली डिस्नेलँड उघडल्यावर त्याच्या आसपास इतरांनी भराभर मोटेले आणि खानावळी थाटल्या आणि पाहुण्यांच्या खिशातला मोठा वाटा परस्पर उचलला, याची बोच वॉल्ट डिस्ने यांना राहिली. म्हणून फ्लोरिडात 1960च्या दशकात त्यांच्या कंपनीने भलत्याच नावांच्या कंपन्या पुढे करून गुपचूप सुमारे 27,000 एकर जमीन घेतली, आणि ऑक्टोबर 1971मध्ये तेथे मॅजिक किंगडम हे पहिले उद्यान सुरू झाले. न्याहारीच्या दृष्टीने या विस्ताराचा अर्थ असा, की स्वस्त अंडे-पाव मिळण्याचे ठिकाण आणि उद्यानाचे फाटक यांच्यामध्ये काही मैलांची मालकी आडवी पडलेली असते. सारसबागेत फिरताना भूक लागली तर बाहेर येऊन भेळ खावी आणि पुन्हा आत जावे, ही पुणेकराला जन्मसिद्ध वाटणारी सोय येथे संभवत नाही. मॅजिक किंगडमला तर गाडी वाहनतळावर लावल्यानंतरही मोनोरेल, म्हणजे एकाच जाड तुळईवरून धावणारी आगगाडी, किंवा बोट घेऊन तळ्यापलीकडे जावे लागते. त्यामुळे ‘डबा गाडीतच राहिला’ हे वाक्य तळ्याच्या पलीकडच्या काठावर उच्चारले गेले, तर ते उच्चारणाऱ्याचा पुढचा दिवस कसा जातो याची कल्पना विवाहित वाचकांना करता येईल.

डिस्नेच्या हद्दीत न्याहारी मिळत नाही असे मुळीच नाही. उलट ती इतकी साग्रसंगीत मिळते की खाणे हा तिचा दुय्यम भाग ठरतो. कॅरेक्टर ब्रेकफास्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या न्याहारीत मिकी, मिनी, डोनाल्ड इत्यादी पात्रे टेबलापाशी येऊन मुलांच्या गळ्यात पडतात आणि फोटोसाठी उभी राहतात. कंटेम्पररी या हॉटेलातील शेफ मिकीज येथे अशा न्याहारीचा दर प्रौढामागे 50 डॉलरांहून अधिक आहे. आता प्रौढ कोणास म्हणावे, याविषयी डिस्नेचे स्वतंत्र धर्मशास्त्र आहे: तीन वर्षांखालील मूल फुकट, तीन ते नऊ बालक, आणि दहा पूर्ण होताच प्रौढ. आपल्याकडे मुंजीचे वय आठ मानले असल्यामुळे डिस्नेने दोन वर्षांची सवलत दिली असे समाधान मानता येते, परंतु हिशेबात त्याचा उपयोग होत नाही, आणि वर सांगितलेल्या अकरांपैकी आठ जण प्रौढ ठरून त्यांचेच 400 डॉलरांवर होतात. त्यात सहा किंवा अधिक माणसांच्या टेबलाला 18 टक्के बक्षिसी बिलातच लावण्याची पद्धत असल्यामुळे मोठे कुटुंब असणे हा स्वतंत्रपणे दंडनीय अपराध होऊन बसतो. आजोबा प्रत्येक किंमत मनातल्या मनात ऐंशीने गुणतात. बत्तीस हजार हा आकडा बाहेर पडल्यावर ते गंभीरपणे म्हणतात, “एवढ्यात आपलं लग्न वरातीसकट चार वेळा झालं असतं.” “चार वेळा कोणाशी?” एवढेच आजी विचारतात, आणि कॅरेक्टर ब्रेकफास्टचा विषय सहलीपुरता बंद होतो.

दुसरा घटक वेळेचा. उद्यान उघडण्याच्या आधीच फाटकाशी आणि आतल्या मुख्य रस्त्याच्या टोकाशी जमलेली गर्दी ठरलेल्या क्षणी आत सोडण्याच्या प्रकाराला रोप ड्रॉप म्हणतात, कारण त्या गर्दीपुढे दोर धरलेला असतो. पहिल्या तासात जी रांग वीस मिनिटांची असते ती दुपारपर्यंत तासा-दीड तासाची होऊ शकते, आणि डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरलेल्यांना तर अर्धा तास आधी आत घेतात. तेव्हा बाहेरच्या स्वस्त हॉटेलात उतरलेल्या कुटुंबाने न्याहारीत वाया घालवलेले प्रत्येक मिनिट पुढे उन्हात, व्याजासकट, उभे राहून फेडावे लागते. ही गोष्ट थोरल्या भावाने आदल्या रात्री सर्वांना तक्त्यासह समजावून दिलेली असते. परंतु अकरा जणांच्या कुटुंबाची निघण्याची वेळ तक्त्यावरून ठरत नाही, ती शेवटी आंघोळीला जाणाऱ्यावरून ठरते, आणि तो मान बहुधा तक्ता करणाऱ्याकडेच असतो.

अशा परिस्थितीत बहुतेक कुटुंबे प्रथम ज्या उपायाकडे वळतात तो म्हणजे हॉटेलची फुकट न्याहारी. ऑर्लँडोतला इंटरनॅशनल ड्राइव्ह आणि किसिमी गावातून जाणारा 192 क्रमांकाचा महामार्ग यांच्या कडेला अशी असंख्य हॉटेले आहेत. फुकट याचा अर्थ खोलीच्या भाड्यात घातलेली, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही समोर मांडलेले पदार्थ पाहिल्यावर भाडे वसूल करण्याची जबाबदारी प्रत्येकाला वैयक्तिक वाटू लागते. मांडणी सर्वत्र जवळजवळ एकच असते: भुकटीपासून केल्याचा संशय यावा अशी अंड्याची भुर्जी, पावाचे तुकडे, मफिन, केळी, सफरचंदे, दह्याचे इवले डबे आणि काचेच्या नळकांड्यांत भरलेली कडधान्ये नव्हेत तर तृणधान्यांची कुरकुरीत चक्रे. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात रुग्णांना सौम्य, निरुपद्रवी आहार मिळावा या सद्हेतूने केलॉग बंधूंनी ज्या पदार्थाचा पाया घातला आणि 1906 साली धाकट्या बंधूंनी ज्याची कंपनी काढली, त्याच्या वंशजांना आज रांगोळीचे सगळे रंग चढलेले असतात, आणि सहा वर्षांचे मूल त्यांतला फक्त जांभळा रंग खाते.

या मांडणीचा खरा अधिपती मात्र वॉफलचे यंत्र. वॉफल म्हणजे चौकोनी खळगे पडलेले जाडसर गोड धिरडे, आणि ते पाहुण्याने स्वतःच करून घ्यायचे असते. कागदी पेल्यात पीठ घ्यायचे, तापलेल्या साच्यावर ओतायचे, झाकण मिटायचे, दांडा धरून सबंध साचा उलटा फिरवायचा आणि घड्याळ सुमारे अडीच मिनिटांनी किंचाळेपर्यंत वाट पाहायची, हा विधी मुलांना इतका आवडतो की उद्यानातला पहिला पाळणा त्यांनी येथेच गाठलेला असतो. तेल फवारायचे विसरल्यास वॉफल दोन्ही पात्यांना सारखेच चिकटते आणि साचा उघडताना मधोमध फाटते; मग मागच्या रांगेतला ओहायोचा गृहस्थ अत्यंत सौजन्याने प्लास्टिकचा काटा पुढे करतो, आणि आजी तो बाजूला ठेवून उलथने कोठे आहे असे विचारतात. यंत्र एक आणि माणसे अकरा असली तर निव्वळ गुणाकाराने अर्धा तास होतो, आणि या हॉटेलात उतरलेले मोठे कुटुंब काही एकच नसते. रोप ड्रॉपचा तक्ता येथे पहिल्यांदा कोलमडतो.

आजोबांचा प्रश्न चहाचा. गरम पाण्याचा नळ असतो, पुड्या असतात, परंतु दूध म्हणून अंगठ्याएवढ्या डब्यांत क्रीमर नावाचा द्रव ठेवलेला असतो, आणि चहाला चहाचा रंग येण्यासाठी असे किती डबे लागतात याचा शोध ते रोज नव्याने घेतात. सातव्या डब्यानंतर रंग जमतो, पण चहा थंड झालेला असतो. अमेरिकेतील हॉटेलांपैकी फार मोठा वाटा भारतीय वंशाच्या, त्यातही गुजराती, मालकांच्या हाती असल्याचे त्यांनी ऐकलेले असते, त्यामुळे स्वागतकक्षामागे पटेल आडनावाची पाटी दिसली की पोह्यांची नाही तरी खाखऱ्याची आशा त्यांना वाटू लागते. पण व्यवसाय जाणणारा मालक ओहायोच्या गृहस्थाला वॉफलच देतो, आणि स्वतःचे पोहे घरी खातो. संकष्टीच्या दिवशी आजींना या संपूर्ण मांडणीतून एक केळे आणि एक सफरचंद एवढेच चालते, त्यामुळे भाड्याच्या वसुलीत कुटुंब त्या दिवशी ठळकपणे मागे पडते. ही तूट भरून काढण्यासाठी आजी उठताना आणखी चार केळी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकतात आणि धाकटी सून दुसरीकडे पाहते.

हॉटेलच्या खोलीतच काहीतरी शिजवावे, हा यापुढचा टप्पा होय. खोलीत छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो, शेगडी नसते, आणि ती स्वतः नेली तरी उपयोग नसतो, कारण छताला लावलेला धूरसूचक भोंगा मोहरी तडतडण्याचा अर्थ आग असाच लावतो. ज्या देशात फोडणीमुळे अग्निशामक दल येऊ शकते त्या देशात अनुभवी मराठी बायकांनी फोडणी घरीच उरकून आणण्याची युक्ती काढली आहे: रवा तुपावर भाजून, त्यात मोहरी, कढीलिंब, मिरची, उडीदडाळ घालून कोरडा करून पिशवीत भरायचा, आणि तेथे त्यावर नुसते उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकून ठेवायचे. उपमा होतो, आणि बराही होतो. अडचण एवढीच, की उकळते पाणी खोलीतल्या कॉफीच्या यंत्रातून काढावे लागते आणि त्या यंत्राला कॉफीचा विसर कधीच पडत नाही, त्यामुळे उपम्याला येणारा वास ओळखीच्या कोणत्याही उपम्याचा नसतो. एका यंत्रातून एका वेळी दोन पेले पाणी निघते. अकरा जणांच्या उपम्याला त्या यंत्राने किती फेऱ्या माराव्यात, याचा हिशेब मुलांकडून गणिताचा सराव म्हणून करून घेता येतो.

म्हणून दोन-तीन सहलींचा अनुभव गाठीशी असलेली कुटुंबे भाड्याचे घर घेतात. किसिमी, डेव्हनपोर्ट या भागांत केवळ सुटीतल्या पाहुण्यांसाठी बांधलेली पाच-सहा खोल्यांची घरे ओळीने उभी आहेत, आणि त्यांत पूर्ण स्वयंपाकघर, भांडी धुण्याचे यंत्र व मागे पोहण्याचा तलावही असतो. दोन-तीन हॉटेलखोल्यांच्या भाड्याशी तुलना करता घर परवडते, आणि न्याहारीचा हिशेब तर डोळे दिपवणारा निघतो. भारतीय किराण्यातून आणलेले जाडे पोहे, कांदे, बटाटे, शेंगदाणे आणि कोथिंबीर मिळून अकरा जणांची पोटभर न्याहारी दहा-बारा डॉलरांत होते. थोरला भाऊ हा आकडा शेफ मिकीजच्या आकड्याशेजारी मांडतो आणि फरकाला ‘बचत’ असे नाव देतो.

हा आकडा चुकीचा नाही, पण त्यात एक खाते कमी आहे. पोहे दहा डॉलरांत होतात हे खरे. ते आपोआप होत नाहीत. सात वाजता निघायचे असेल तर कोणाला तरी पाचला उठावे लागते, आणि हे ‘कोणाला तरी’ व्याकरणाच्या दृष्टीने कितीही मोघम असले तरी व्यवहारात ती थोरली सून असते. भाड्याच्या घरात चमचे चोवीस असतात, वाइनचे पेले बारा असतात, कढई नसते. तळाला चरे पडलेल्या पसरट तव्यात अकरा जणांचे पोहे एका वेळी मावत नाहीत, म्हणून ते दोन घाण्यांत करावे लागतात. पहिला घाणा गरम असताना कोणी उठलेले नसते आणि सगळे उठतात तेव्हा तो सुकून त्यावर पाण्याचा हबका मारण्याची वेळ आलेली असते. लिंबू चिरले जाते, खोबरे विसरलेले असते. आठ वर्षांच्या मुलाला पोह्यांतला कांदा नको असतो, दहा वर्षांच्या, म्हणजे डिस्नेच्या मते प्रौढ, मुलीला पोहेच नको असतात, धाकटी सून दोन वर्षांच्या बाळाला भरवत असते, आणि आजी “अगं, तू बस, मी करते” असे म्हणत उठतात, त्यावर “आई, तुम्ही बसा हो” असे उत्तर मिळते. दोघींपैकी कोणीच बसत नाही. थोरली सून स्वतःची बशी ओट्याशी उभ्यानेच संपवते. देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नात घरच्या माणसाने घरासाठी केलेला स्वयंपाक धरत नाहीत, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. सहलीच्या हिशेबातही तो धरत नाहीत, हे जाणून घेण्यासाठी अर्थशास्त्र लागत नाही. स्वस्त न्याहारीची किंमत रोज दिली जाते, फक्त ती डॉलरांत नसून एका व्यक्तीच्या झोपेत दिली जाते, आणि ती व्यक्ती सुटीवर आलेली आहे असे सर्व मिळून धरून चालतात.

याला अपवाद म्हणून सप्ताहात एक दिवस भाऊ न्याहारी करतात. तो दिवस पॅनकेकचा असतो. तयार पिठाच्या डब्यात पाणी घालून मिकीच्या कानांसकट तीन गोल काढण्याचा प्रयत्न होतो, पहिले चार करपतात, पीठ छतापर्यंत पोचते, आणि फोटो निघतात; पुढे वर्षभर सहलीतल्या न्याहारीचा विषय निघाला की हीच न्याहारी सर्वांना आठवते.

आता शिदोरीकडे वळता येईल, कारण सात वाजता खाल्लेले पोहे साडेदहाला पुरत नाहीत. महाराष्ट्रातल्या मनोरंजन उद्यानांच्या आणि चित्रपटगृहांच्या दारात बाहेरचा खाऊ अडवला जाण्याची सवय झालेल्या पाहुण्याला डिस्नेचा नियम थक्क करणारा वाटतो: स्वतःपुरते खाद्यपदार्थ आणि मद्य नसलेली पेये आत नेण्यास मुभा आहे, काचेची भांडी, सुटा बर्फ आणि तेथे गरम करावे लागतील असे पदार्थ तेवढे चालत नाहीत. साधे गार पाणीही पेये विकणाऱ्या बहुतेक ठिकाणी मागितल्यास फुकट मिळते. आजोबांचा या उदारतेवर विश्वास बसत नाही. दशम्या, म्हणजे दुधात कणीक भिजवून केलेल्या आणि दोन-तीन दिवस टिकणाऱ्या पोळ्या, त्यांनी स्वेटरच्या घडीत आणि स्वेटर छत्रीखाली दडवलेला असतो, आणि ज्या पिशवीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते ती नेमकी या बंदोबस्तामुळे संशयास्पद होऊन तपासनिसाच्या टेबलावर जाते. तो दशम्यांचा डबा उघडून पाहतो, हसतो आणि परत देतो. डब्याखालची लोणच्याची बरणी मात्र काचेची निघते, आणि अकरा जणांच्या मोहिमेला त्या दिवशीचा पहिला खरा धक्का बसतो. तपासनिसासमोर बरणीतले लोणचे चमच्याने दशम्यांवर पसरून, रिकामी बरणी कचऱ्यात टाकून पुढे जाणाऱ्या आजींचा चेहरा हा त्या आठवड्यातल्या कोणत्याही मिरवणुकीपेक्षा पाहण्यासारखा असतो.

दशम्या खाण्याची जागा बहुधा एखाद्या पाळण्याची रांग असते, आणि तेथे हा उपाय नि:संशय सर्वश्रेष्ठ ठरतो, कारण रांगेत उभे राहून खाल्लेल्या न्याहारीला वेळ लागत नाही. तो वेळ तसाही जाणारच असतो. तरीही अकराच्या सुमारास मिकीच्या कानांच्या आकाराचे आइस्क्रीम गाडीवर दिसते. एकाने मागितले की पाच घ्यावी लागतात, पाच घेतली की आजोबांनाही एक हवे असल्याचे उघड होते, आणि पोह्यांतून वाचवलेल्या रकमेचा काही भाग त्या गाडीवर विरघळतो. थोरला भाऊ हा खर्च न्याहारीत न धरता ‘इतर’ या सदरात टाकतो.

सहल संपल्यावर हिशेब दोन कुटुंबांत वाटला जातो आणि पुढच्या वर्षी कोठे जायचे याची चर्चा सुरू होते. फ्लोरिडाच्याच पूर्व किनाऱ्यावरच्या पोर्ट कॅनव्हरल येथून डिस्नेची जहाजे 1998पासून निघतात, आणि त्यांच्या भाड्यात सकाळची न्याहारी धरलेली असते, ही माहिती बैठकीत प्रथम मांडणारी व्यक्ती ओट्याशी उभ्याने पोहे खाणारीच असते. तिने दरपत्रकही छापून आणलेले असते. भाऊ दर वाचून गप्प होतात, आजोबा ऐंशीने गुणू लागतात, मुले जहाजावर घसरगुंडी आहे का ते शोधू लागतात, आणि आजी काळजीने विचारतात की जहाजावर दशम्या नेऊ देतात का.